‘शेतकरीपुत्र’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : थांबणं कोणाला परवडतं?

‘शेतकरीपुत्र’ या नावानं लिहिणारे भाऊ,

‘अध्यक्षानं शेवटी बोलावं’ या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी सांगतो. कपाशीची फरदड (वेचणीनंतरही झाडं उभी ठेवून, पाणी देऊन घेतलेलं जादा पीक) घ्यायची की नाही, यावर डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या गावात तीन बैठका झाल्या. अशा बैठकीत अध्यक्षानं आधी सर्वांना बोलू द्यावं, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. आपल्या प्रतिक्रियेचा सारांश असा. दर महिन्याला पगार येणाऱ्याला थांबणं परवडतं. तीन बैठका होईस्तोवर ज्याची नड आहे त्यानं काय करावं? अध्यक्ष शेवटी बोलला तरी लोक आधीपासून त्याचं तोंड पाहूनच बोलतात. बैठकीत बाया होत्या की नाही, ते लेखात नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाच्या वनहक्काचं साल चुकलं. आणि शेवटी : ‘गोड गोड लिहिणं सोपं असते, काका.’

साल चुकलं, हे मान्य. मेंढा (लेखा) ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये. मी २०११ लिहिलं होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एक झाल्या. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी कबूल करतो, हे इथले जुने वाचक जाणतात.

आता ‘काका’. आमच्याकडे काका म्हणतात तेव्हा आधी बाजेवर बसतात, पाणी पितात, मग बोलतात. नाव लपवून, उभ्या उभ्या दगड मारून ‘काका’ म्हणायची रीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नाही. आपल्या मुद्द्यापेक्षा मला हाच सूर लागला, आणि तो लागला हे मी लपवत नाही.

आणि पगार. हे वाक्य आपण कशाच्या आधारावर लिहिलं? शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी सोसायटीत मी गटसचिव होतो, २६ वर्षं. सोसायटीची वसुली झाली तर आमचा पगार. नापिकीच्या साली वसुली कुठून होणार? एका वर्षी सलग ७ महिने पगाराचा पत्ता नव्हता. वरच्या कार्यालयात गेलं की ‘पुढच्या आठवड्यात पाहू’. त्या साली पोरीच्या फीसाठी पोळा तोंडावर असताना बैलजोडी विकली, पडेल त्या भावात. पोळ्याच्या संध्याकाळी शेजाऱ्यानं त्याची जोडी आमच्या दारात आणून उभी केली, तेव्हा माझ्या बायकोनं बैलांचे पाय धुतले. त्या माणसाला आपण ‘पगारी’ म्हणता. म्हणा.

थांबणं मी खुर्चीत बसून शिकलो नाही. माझे वडील वीतभर माती उकरून ओल पाहायचे आणि मगच तिफण काढायचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग आज सांगतो. वडिलांना तो आकडा माहीत नव्हता, हाताला माहीत होतं. ते गेल्यावरच्या पहिल्याच वर्षी मी मृगाच्या दोन सरींवर पाच एकर पेरून मोकळा झालो, कारण बियाणं उधारीचं होतं आणि थांबणं परवडत नाही असं मलाही वाटलं. पुढे अठरा दिवस ऊन. दुबार पेरणीचं बियाणं पुन्हा उधार, आणि या खेपेला दुकानदारानं भाव वाढवून लावला. म्हणून सांगतो भाऊ, ज्याच्याकडे आहे त्याला घाई परवडते. तो दुसऱ्यांदा पेरू शकतो. नसलेल्यालाच थांबावं लागते. आपलं वाक्य उलटं आहे.

डिसेंबर २०१७ च्या बैठकांचंही तसंच. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कवडीशिवाय (किडका, खराब कापूस) काही ठेवलं नव्हतं. तरी लोक फरदड घेणार होते. पाणी दिलं तर एकरी क्विंटलभर कापूस अजून निघेल, हा हिशेब. पण शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. एकानं फरदड ठेवली तरी शेजारच्या दहा जणांनी उपटून काही उपयोग नाही. असा निर्णय हुकमानं होत नाही. मेंढ्यात एकाचीही हरकत असली तर ग्रामसभा पुन्हा बसते, ती याचसाठी. बहुमतानं हरलेला माणूस घरी जाऊन आपलंच करतो.

आमच्या तीन बैठकांना अकरा दिवस लागले. मी तिन्ही वेळा शेवटी बोललो. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशीच झाडं उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन माझी दोन एकर पऱ्हाटी उपटून, रस्त्याच्या कडेला गंजी लावून आलो होतो, साऱ्या गावानं पाहिलं. कोणावर दबाव टाकला नाही. एक म्हातारे गृहस्थ पहिल्या बैठकीत म्हणाले, “तुमी सांगा न जी, आमी काय बोलाव?” मी गप्प राहिलो. तिसऱ्या बैठकीत तेच सर्वांत आधी ‘उपटतो’ म्हणाले. हे तोंड पाहणं असेल तर असो. मी याला विचार करणं म्हणतो, आणि माणसाला विचार करायला अकरा दिवस देणं याला नेतृत्व.

ज्यांची नड होती त्यांना आम्ही मदत केली. तपशील इथे देत नाही, ती घरं गावात आहेत. बायांचा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे. घरी बोलूनच पुरुष येतात, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आपण गावात राहता का, हे आपल्या लिहिण्यातून मला कळलं नाही. शेतकऱ्याचा पुत्र असणं आणि शेतात असणं यात फरक आहे. हे कडू वाटलं तर वाटू द्या, आपणही साखर पेरली नव्हती.

यंदाही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फरदडीची बैठक हनुमान मंदिराच्या ओट्यावर आहे, संध्याकाळी सातला. या. बाज टाकतो. फक्त ओट्यावर आपलं नाव सांगावं लागेल, आणि मी शेवटीच बोलेन.