तंबूत अण्णा

मुंबईतल्या आईबापांना अधूनमधून एक धास्ती घेरते, की आपली पोरं लिफ्टमध्येच वाढताहेत. त्यांना माती माहीत नाही, चांदण्या माहीत नाहीत आणि अंधार तर मुळीच माहीत नाही. मुलुंडात लाइट गेले की आमचा धाकटा घाबरत नाही, ‘जनरेटर का नाही लागला?’ म्हणून तक्रार करतो. डिसेंबरात ही धास्ती साथीने पसरते, कारण सोसायटीच्या ग्रुपवर तळ्याकाठच्या तंबूंचे फोटो पडायला लागतात. माझ्या नवऱ्याला ती लागण झाली आणि त्याने पवना तलावाकाठी ‘फॅमिली कॅम्पिंग’ बुक करून मग मला विचारलं. विचारलं म्हणजे पावती फॉरवर्ड केली.

मोठ्यांना माणशी पंधराशे, मुलांना निम्मे. त्यात तंबू, संध्याकाळी चहा-भजी, बार्बेक्यू, जेवण, शेकोटी, करावके आणि सकाळचे पोहे. सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘कॉमन वॉशरूम’. हे मी वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. अण्णांनीही वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत नऊ माणसांत वाढले आणि मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेत पुस्तक वाचून मॅट्रिक झाले, असं ते स्वतः सांगतात. आता तिथे टॉवर उभे राहताहेत, पाचशे चौरस फुटांचे फ्लॅट मिळताहेत. अण्णांच्या धाकट्या भावाला त्यातला एक मिळाला. “घरात संडास आला आणि शेजारपाजार गेला,” असं अण्णा म्हणतात, पण भावाकडे राहायला गेले की आतून कडी लावून तास तास बसतात.

“निसर्गात जाताना कमीत कमी सामान न्यायचं असतं,” असं सांगून नवऱ्याने फोल्डिंगच्या खुर्च्या, झाडाला बांधायचा झोपाळा, दोन पॉवर बँक आणि फोनची तिपाई डिकीत भरली. मी धपाटे, लसणाची चटणी, चकल्या, ओडोमॉस, क्रोसिन, सतरंज्या आणि स्वेटर. मुंबईकराचा स्वेटर एकदा महाबळेश्वरसाठी घेतलेला असतो आणि नंतर आयुष्यभर डांबरगोळ्यांच्या सहवासात असतो. धाकट्याच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंतच पोचल्या. “फुल टी-शर्टवर हाफ स्वेटर, फॅशन आहे,” म्हणून मी विषय मिटवला. अण्णांची एक शबनम पिशवी. त्यात चादर, कानटोपी, बॅटरी आणि निळं प्लास्टिकचं टमरेल.

“आजोबा, हे कशाला?” थोरलीने नाक मुरडलं.

“कळेल,” अण्णा म्हणाले.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला तो माणसाला दोन-अडीच तासांत पुण्याला पोचवायला. पोचवतोही, फक्त शनिवारी सकाळी नाही. शनिवारी बोरघाटात अख्खी मुंबई निसर्गाकडे निघालेली असते आणि निसर्गही तिथेच अडकलेला असतो. अमृतांजन पूल होता त्या जागी आम्ही इतका वेळ उभे होतो, की १८३० साली तो बांधला तिथपासून २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये सुरुंग लावून पाडला तिथपर्यंतचा सगळा इतिहास अण्णांनी निवांत सांगितला. इतिहास संपायला आणि धाकट्याला मळमळायला एकच गाठ पडली. पिशवी सापडेना. चकल्यांच्या डब्याकडे त्याचं तोंड वळलं तसं अण्णांनी मागून टमरेल पुढे केलं. कळलं.

लोणावळ्याहून दुधिवरे खिंड उतरलो आणि एकदम समोर पाणी आलं. खोटं कशाला बोलू, गाडीत सगळे गप्प झाले. पवनेचं पाणी दुपारच्या उन्हात चकाकत होतं, पलीकडे तिकोना, उजवीकडे तुंगाचा सुळका. नवऱ्याने काठावर उभं राहून मुलांना किल्ले दाखवले. लोहगड मागे आहे, २०२५ च्या जुलैत जे बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत तो आहे, त्या टोकाला विंचूकाटा म्हणतात वगैरे.

“किल्ल्यावर ते तंबूत राहायचे?” थोरलीने विचारलं.

“नाही, वाडे होते. घरं होती.”

“मग आपण का तंबूत?”

तिकोन्यावरून पवन मावळावर कशी नजर ठेवता यायची, ते सांगायला नवऱ्याने लगेच सुरुवात केली.

धाकटा तोवर चड्डी सरसावून पाण्याच्या दिशेने निघाला होता. त्याला अण्णांनी बखोटीला धरून मागे आणलं. “अरे, पिंपरी-चिंचवडची माणसं हे पाणी पितात!” त्यानंतर दोन दिवस धाकटा तळ्याकडे बघून मधूनच खुसुखुसू हसत होता.

तंबू केशरी आणि निळे, ओळीने मांडलेले. एकाची दोरी दुसऱ्याच्या खुंटीला लागावी इतके खेटून. कॅम्प सांभाळणारा मुलगा विशीतला होता. अण्णांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “तंबू किती?”

“साठ आहेत, काका.”

“संडास?”

“चार.”

अण्णांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि खूश झाले. उत्तर ओळखीचं आलं होतं.

आमचा तंबू ‘सहा जणांचा’ होता. सहा जणांचा म्हणजे सहा जण उताणे, हात छातीवर आणि रात्रभर मनात कुठलाही विचार नाही, या हिशेबाने. आम्ही पाच, शिवाय सामान. पण तंबूचं खरं आकर्षण जागा नव्हे, चेन. ज्या मुलांनी चांदण्या बघाव्यात म्हणून एवढा घाट घातला, त्यांना संध्याकाळभर त्या चेनीपलीकडे जग नव्हतं. तंबूच्या दाराला दोन थर: आत जाळीचा, बाहेर कापडाचा. दोन्हींना अर्धगोल चेन, प्रत्येक चेनीला दोन-दोन गाडे. एक गाडा डावीकडून, एक उजवीकडून, मध्येच गाठ घालायची, मग दोन्ही खाली न्यायचे. धाकटा आतून उघडायचा, थोरली बाहेरून लावायची, कापड चेनीत अडकलं की दोघं मिळून मला हाका मारायची. दर उघडझापीला ताज्या दमाचे डास आत येत होते. मी ओडोमॉस लावायला बसले तेव्हा तंबूतले डास तळ्यावरच्या डासांपेक्षा जास्त असावेत.

भजी छान होती. बार्बेक्यू छान असावा. निखारे पेटले तोवर मुलं धपाटे खाऊन मोकळी झाली होती. मग शेकोटी आणि करावके. बाराशे माणसांना ऐकू जाईल असा स्पीकर आणि त्यावर हिंजवडीकडून आलेला एक ग्रुप, प्रेमात धोका खाल्ल्याची गाणी आळीपाळीने म्हणत होता. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. मावळात तो पावणेअकराला पोचला.

स्पीकर बंद झाला आणि खरंच चांदण्या दिसल्या. कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, मृगाचे चार पाय. अण्णांनी बॅटरीने आकाशात बोट केल्याचा अभिनय करत मृगाच्या पोटातले तीन तारे दाखवले; तो व्याधाने मारलेला बाण, आणि त्याच रेषेत खाली आलं की तो लखलखतोय तो व्याध. मी लहानपणी गच्चीत पाहिलेलं सगळं पुन्हा पाहत होते. थोरलीने फोन आकाशाकडे धरून ॲप उघडलं. “आजोबा, बरोबर आहे तुमचं,” तिने सर्टिफिकेट दिलं. “पण ॲपमध्ये हरणाचं चित्रसुद्धा काढलंय.” धाकटा शेकोटीजवळच्या कुत्र्याला चकली भरवत होता.

झोप नावाचा प्रकार त्यानंतर सुरू व्हायचा होता. तंबूखालची जमीन सपाट दिसते, नसते. आमची तळ्याकडे उतरती होती. पाचही जण एका ओळीत नीट झोपलो आणि मध्यरात्रीपर्यंत हळूहळू घसरत नवऱ्याच्या बाजूला गोळा झालो. नवरा कापडाला चिकटला होता, त्याच्यावर धाकटा, धाकट्यावर मी. अण्णा चादर गुंडाळून आडवे झाले ते थेट घोरायलाच लागले. नऊ माणसांत वाढलेल्या माणसाला उतार लागत नाही.

शेजारच्या तंबूतलं जोडपं मात्र जागं होतं. तंबूचं कापड दृष्टीआड करतं, कानाआड नाही. मुद्दा असा होता की याने आईला न सांगता इकडे यायचं ठरवलं होतं, तिने फोन करून सांग म्हटलं होतं, हा ‘पोचल्यावर करतो’ म्हणाला होता आणि पोचून आता नऊ तास झाले होते. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी नीट ऐकलं. बाई बरोबर होती. मध्येच अण्णांचं घोरणं थांबलं, अंधारात ‘आईला फोन करायला पाहिजे होता’ असं पुटपुटून ते पुन्हा सुरू झालं.

सगळं शांत झालं, अंगाखालचा खडा कुठे आहे ते कळून मी त्याला वळसा घातला, थोडी ऊब आली. तेव्हा थोरली म्हणाली, “आई, शू.” आतली चेन, बाहेरची चेन. बूट दवाने भिजलेले. दारात कुत्रा मुटकुळं करून झोपलेला. त्याला चकलीवाली माणसं ओळखू आली आणि तो सोबतीला निघाला. परत येऊन दोन्ही चेनी लावल्या. “आई, मलापण,” धाकटा म्हणाला.

पहाटे अंगावर थेंब पडला. मग दुसरा. पाच जणांच्या उच्छ्वासाची वाफ रात्रभर वर जात होती आणि बाहेरून गार पडलेल्या कापडाला लागून तिचं पाणी होत होतं. नवऱ्याने डोकं कापडाला टेकवलं तशी सगळ्यांवर बारीक सर आली. “आत पाऊस पडतोय!” धाकटा आनंदाने ओरडला. त्याला सबंध ट्रिपमध्ये निसर्ग जाणवला तो एवढाच.

सकाळी सहाला मी बाहेर आले तर धुक्यात चार पत्र्याच्या दारांसमोर घोळका उभा. रांग नव्हे, घोळका. प्रत्येक जण तळ्याकडे बघत असल्याचं दाखवत होता आणि दार उघडलं की सगळे एकदम एक पाऊल पुढे टाकत होते. एका दाराला कडी नव्हती, एकात नळाला पाणी नव्हतं. बाहेर पाण्याचा पिंप होता, पण पाणी काढायचा मग गायब. रात्री प्रेमात धोका खाल्लेले तरुण आता वेगळ्याच वेदनेने उभे होते.

तेवढ्यात कानटोपी घातलेले अण्णा आले. हातात टमरेल. त्यांनी एकदा घोळक्याकडे पाहिलं आणि त्यांच्या अंगात तीस-पस्तीस वर्षांची नोकरी संचारली.

“लेडीज डावीकडे, जेन्ट्स उजवीकडे! लहान मुलं पुढे घ्या. कडी नाही त्या दाराशी आपापला माणूस उभा करा. ओ चष्मेवाले, मध्ये घुसू नका, रांग मागून आहे.” आश्चर्य म्हणजे माणसं हलली. पत्र्याच्या दारावर अण्णा एकदा टकटक करायचे, म्हणजे आटपा. दोनदा केलं की पुढचा. बसमध्ये सिंगल बेलला थांबायचं आणि डबल बेलला निघायचं, तसंच. टमरेल पिंपात बुडवून हातात देताना बजावायचे, “उतरताना परत करा.” आतला एक जण बाहेर येऊनही पुढच्या माणसाचा पाय निघेना तेव्हा तर अण्णा सवयीने ओरडले, “पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे!”

शेजारच्या तंबूतलं जोडपं आलं. ती डावीकडे, तो उजवीकडे. त्याचा नंबर लागला तसं अण्णांनी टमरेल हातात न देता त्याच्याकडे रोखून पाहिलं. “आईला फोन केलास?”

अख्खी रांग तळ्याकडे बघायला लागली. म्हणजे त्या ओळीतले सगळेच तंबू रात्रभर जागे होते. त्याने मान हलवून नाही म्हटलं, बाजूला होऊन फोन लावला आणि मग टमरेल घेतलं. डावीकडच्या रांगेतून तिने अण्णांना लांबूनच नमस्कार केला.

पाऊण तासात पटांगण मोकळं झालं. कॅम्पवाला मुलगा चहाचा ग्लास हातात धरून हे सगळं पाहत होता. त्याने अण्णांना पोह्यांची दुसरी बशी स्वतः आणून दिली, वर शेव जास्त. त्यांचा फोन नंबरही मागून घेतला. घाटात परतीचा ट्रॅफिक होता, त्याबद्दल काही सांगत नाही.

बुधवारी संध्याकाळी घरच्या सोफ्यावर अण्णांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. “काका, एकतीस डिसेंबरला फुल बुकिंग आहे. तीनशे माणसं आहेत. तुम्ही याल का? राहणं-जेवणं आमच्याकडे.”

अण्णांनी चष्मा काढला. “संडास किती?”

“दोन वाढवलेत, काका.”

पुन्हा भागाकार झाला. “जमेल. पण ड्यूटी पहाटे पाच ते नऊ. एक तारीख आहे, म्हणजे डबल पगार. आणि टमरेलं पाच लागतील, ती तुम्ही आणायची.”

“आणि फॅमिलीला पास!” आतल्या खोलीतून नवरा ओरडला.