छर्‍यांना खोबरेल लावायचं का? एअर रायफलच्या ‘गावठी वंगणा’चा प्रतिवाद

मृग लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एअर रायफल-पिस्तुल चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘4.5 मिमीचे छर्रे खोबरेलात किंवा भिरंडेलात (कोकमाच्या बियांच्या तेलात) घोळवून वापरा. वेग वाढतो, नळीत शिसं बसत नाही, नळीला गंज धरत नाही. परदेशात पिस्तुलाच्या घरी ओतलेल्या गोळ्यांना मेण लावतात, तेच हे. डबीत पांढरी भुकटी दिसली तर छर्रे व्हिनेगरने धुवा. जोर कमी वाटला तर दोन थेंब तेल आत सोडा.’ यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

‘वेग वाढतो.’ हो, वाढतो, आणि तीच अडचण आहे. नळी बिजागरीवर मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत घोडा ओढला की पिस्टन सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पुढे झेपावतो. समोरची हवा इतकी झटकन दाबली जाते की ती काही शे अंशांपर्यंत तापते. छर्‍याच्या मागच्या पोकळीत साचलेल्या तेलाची वाफ त्या हवेत पेटते. होडीच्या डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं ते याच तत्त्वावर, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. नेहमीच्या ‘थप्’ऐवजी कडक ‘फाट्’ आवाज येतो, नळीच्या तोंडातून धूर निघतो आणि खोबऱ्याचा करपट वास येतो.

प्रत्येक छर्‍यावर तेल सारखं बसत नाही, त्यामुळे स्फोटही सारखा होत नाही. एक छर्रा जोरात जातो, पुढचा मवाळ. कागदी निशाणावर भोकं उभ्या रेषेत वर-खाली पसरू लागली की वेग एकसारखा नाही असं बेलाशक समजा. लोक मात्र दुर्बिणीचे स्क्रू पिळत बसतात. आतमध्ये पिस्टनचं सील (हवा गळू न देणारा वॉशर) जळतं, आणि उलट्या धक्क्यांनी स्प्रिंग तुटते. नवी बंदूक पहिले काही छर्रे मारताना थोडा धूर सोडते, पण ते कारखान्यातलं ग्रीस जळत असतं आणि आपोआप थांबतं. त्यात भर घालायची गरज नाही.

दाबाच्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या स्पर्धेच्या बंदुकीत छर्‍याच्या मागे अशी तापलेली हवा नसते. त्यामुळे तिथे वेगही वाढत नाही, नळी तेवढी चिकट होते. टाकीत मात्र 200 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरलेली असते. तिच्या भरण्याच्या तोंडाला, पंपाला किंवा ओ-रिंगला (सांध्यातल्या गोल रबरी कड्याला) खोबरेल, मशीन ऑइल, पेट्रोलजन्य ग्रीस असलं काहीही लागता कामा नये. तेवढ्या दाबाखाली तेल पेटलं तर तिथे डिझेलिंग होत नाही, अपघात होतो. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस लावायचं.

‘परदेशात गोळ्यांना मेण लावतात.’ लावतात. पण कशासाठी, ते मेसेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही. पिस्तुलाच्या ओतीव शिशाच्या गोळीला अंगावर आडवे खाचे असतात. मधमाशांचं मेण आणि ॲलॉक्स नावाचं वंगण निम्मं-निम्मं, हे तिथलं जुनं मिश्रण. ते दाबयंत्राने त्या खाचांत भरतात, किंवा पातळ ॲलॉक्सचे थोडे थेंब टाकून गोळ्या घोळवतात आणि रात्रभर सुकवतात. .38 स्पेशलसारख्या काडतुसात दाब 1,170 बारपर्यंत जाऊ शकतो आणि मागे जळत्या दारूचा वायू असतो. तिथे वंगण लागतंच.

एवढं असूनही तिथले जाणकार आधी माप बघतात, मग मेण. गोळी नळीच्या आतल्या पिळदार चरांच्या व्यासापेक्षा 0.025 ते 0.05 मिमी जाडच हवी. बारीक असली तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं खरवडत नेतो आणि नळीला चिकटवतो. मग वर कितीही मेण थापा, उपयोग शून्य.

आपल्या छर्‍याला मुळात वंगण धरणारा खाचाच नाही. त्याला डोकं, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असतो. नळीला टेकतात ते डोकं आणि घेराची कड. मेण किंवा भिरंडेल जाऊन बसतं कंबरेत नाहीतर पोकळीत, तेही एका बाजूला जास्त. रायफलच्या मॅच (स्पर्धेच्या) छर्‍याचं वजन साधारण 0.53 ग्रॅम. त्यावर 0.01 ग्रॅमचा ढेकूळ बसला तरी वजनात जवळपास दोन टक्क्यांचा फरक पडला, आणि गोल फिरणाऱ्या वस्तूचा तोल गेला तो वेगळाच. भिरंडेल तर 38-40 अंशांपर्यंत घट्टच राहतं. ते भेगाळलेल्या टाचांना लावा, तिथे त्याला तोड नाही.

आणखी एक. मेसेज वाचून कुणाला काडतुसाच्या गोळ्या घरी ओतायची हुक्की आली असेल, तर शस्त्र अधिनियम, 1959 चं कलम 5 आधी वाचावं. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे.

‘नळीत शिसं बसत नाही.’ सेकंदाला 170 मीटरच्या आसपास जाणारा मऊ छर्रा नळीत फारसं शिसं सोडतच नाही. जे थोडं साचतं ते पुसून निघतं. त्यासाठी मासेमारीचा तंगूस घ्या, दुहेरी करून त्याचा फासा बनवा आणि फाशात जुन्या मलमलीचा चार-पाच सेंटीमीटरचा तुकडा अडकवा. छर्रा भरतो त्या बाजूने घालून नळीच्या तोंडाकडे ओढा, उलटं कधीच नाही. तोंडाची कड घासली गेली की अचूकपणा गेला. पहिला तुकडा काळा निघेल, तिसरा-चौथा राखाडी झाला की थांबा. नळी मोडायची बंदूक असेल तर स्प्रिंग ताणलेली नाही याची आधी खात्री करा, नाहीतर नळी फटकन मिटते आणि बोटं जातात. सफाईनंतर पहिले दहा-वीस छर्रे थोडे इकडेतिकडे लागतात. त्यावरून दुर्बीण हलवू नका.

‘गंज धरत नाही.’ छर्‍यावरचं तेल नळीच्या आत ओरखड्यासारखं कुठेतरी लागतं, बाहेर तर लागतच नाही. कोकणात खरा शत्रू आहे खारा वारा आणि हाताचा घाम. मिठावर तेल चोपडलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं आणि गंज आतून चालू राहतो. म्हणून आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी पातळ गन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकलेलं फडकं, याच क्रमाने पुसा. खोबरेल नको: कालांतराने ते खवट होतं, आणि 24 अंशांच्या खाली थिजतं. पौष-माघातल्या पहाटे बाटलीत काय होतं ते आपण बघतोच.

बंदूक स्पंजवाल्या पिशवीत पावसाळाभर ठेवणं हा दुसरा घोटाळा. स्पंज दमट हवा धरून ठेवतो. उघड्या मांडणीवर ठेवा, किंवा घट्ट पेटीत सिलिका जेलसह. निळ्या खड्यांचा रंग गुलाबी झाला की 120 अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात. नळीत आतून तेलाचा एकच पातळ हात द्या आणि नेमबाजीआधी कोरडा तुकडा ओढून तो काढा.

‘व्हिनेगरने धुवा.’ सगळ्यात घातक सल्ला हा. दमट हवेत शिशावर येते ती पांढरी भुकटी म्हणजे मुख्यतः शिशाचा कार्बोनेट. व्हिनेगरने त्याचा शिशाचा ॲसिटेट होतो. तो पाण्यात सहज विरघळतो, चवीला गोड आणि विषारी. घरात पोरंबाळं असताना असला प्रयोग मोरीत करू नये. भुकटी दाट असेल तर तो डबा टाकून द्या. नुसती झाक आली असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब, हलकेच हलवणं, दोनदा खळबळणं आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर वाळवणं, एवढं पुरे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही, आणि ते पाणी विहिरीच्या काठाला किंवा परसातल्या अळवाला नाही.

भुकटी वारंवार येत असेल तर डबा कुठे ठेवता ते बघा. लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि शिसं तिने खाल्लं जातं. फणसाच्या फळ्यांची पेटी दिसायला झकास, पण छर्रे मूळच्या पत्र्याच्या डबीतच बरे. ते तोंडात धरू नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

‘दोन थेंब तेल आत सोडा.’ जुन्या देशी बंदुकीत पिस्टनला चामड्याचा वॉशर असेल तर हे खरं. चामडं सुकलं की आकसतं आणि हवा गळते. तेव्हा चेंबरसाठीचं (पिस्टन धावतो त्या नळकांड्यासाठीचं) खास तेल तीन-चार थेंब सोडून बंदूक नळीचं तोंड वर करून रात्रभर ठेवायची. खोबरेल इथेही नको. वॉशर कृत्रिम असेल तर सिलिकॉन चेंबर ऑइलचा एखादाच थेंब, तोही क्वचित. सिलिकॉन धातूवर धातू घासतो तिथे निकामी ठरतं, म्हणून स्प्रिंगला आणि बिजागरीला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस.

पण जोर कमी झाला म्हणजे वॉशरच गेला असं नाही. बहुतेकदा नळी आणि चेंबर जुळतात तिथलं छोटं सील झिजलेलं असतं. टिश्यू पेपरची पट्टी त्या सांध्यावर आडवी टाका, छर्रा भरून सुरक्षित निशाणावर मारा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथूनच जाते. पट्टी जागची हलली नाही, तरच पिस्टन उघडायचा विचार करा. रिकामी बंदूक मात्र मारून बघू नका. समोर छर्‍याचा अडथळा नसला की पिस्टन थेट चेंबरच्या भिंतीवर आदळतो.