पावसाळ्यात सोलर बंद असतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (रिटायर झालोय असं लिहिलंत म्हणून काका म्हणतोय, चालेल ना), तुमचं म्हणणं असं की पुण्यात चार महिने आभाळ भरलेलं, तेव्हा सोलर बंदच, आणि मी "१ किलोवॅटला रोज सरासरी ४ युनिट" लिहून लोकांची दिशाभूल करतोय. सरासरीचं तुमचं पटलं, तो आकडा एकटा टाकायला नको होता, चूक माझी. पण बंद नसतं हो.

आमच्या कोथरूडच्या गच्चीवर ३ किलोवॅट आहे. मार्च-एप्रिलला दिवसाला १३-१४ युनिट, जुलैत झड लागली की ४-५, पण शून्य एकदाही नाही, कारण ढगातून विखुरलेला उजेड येतच असतो. श्रावणातल्या ऊन-पावसात सोलर किती वीज देतंय ते दाखवणारं ॲप उघडून बसलो तर २ किलोवॅटवरून एकदम अर्ध्यावर, दोन मिनिटांत परत वर, आणि ढगाच्या कडेवरून ऊन फाकलं की क्षणभर स्वच्छ दुपारपेक्षाही जास्त! हे बघून माणूस घाबरतो, पण तो ढग कोथरूडवर असतो तेव्हा हडपसरला ऊन असतं, शहरभरच्या गच्च्या एकत्र धरल्या की हे धक्के बरेचसे मुरून जातात. पावसाळ्यातली घट मात्र सगळ्यांना एकदमच लागते, तिथे नेट मीटरिंग (आपण विजेच्या लाइनला दिलेले युनिट घेतलेल्यातून वजा करणं) कामाला येतं, एप्रिल-मेचे जास्तीचे युनिट जुलैच्या बिलात वळते होतात. (मे फार भारी असंही नाही, पॅनल ६० अंशांच्या वर तापतं आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के कमी देतं.)

मला ढगापेक्षा सावलीची काळजी जास्त वाटते, अगदी मनापासून. आमच्या भागात जुने बंगले पाडून रिडेव्हलपमेंट जोरात चालू आहे. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, म्हणजे ३० मीटरची बिल्डिंग उत्तरेला २७ मीटर सावली टाकणार, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका, आणि एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली आली तरी सगळ्या ओळीला फटका बसू शकतो. ढग निघून जातो, बिल्डिंग २५ वर्षं तिथेच राहते. बिल्डिंगचा प्लॅन पास करताना शेजारच्या गच्चीवरचं ऊन बघायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गच्चीच्या दक्षिणेला काय आहे आणि मागच्या १२ बिलांवरचे युनिट किती, तेवढं इथेच लिहा. सरासरी नाही, महिन्यावार हिशोब करून देतो.