४३२ हर्ट्झचा फॉरवर्ड आणि मावशीची गोळी

काल मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "तू विद्यापीठात पाइप ऑर्गनच शिकतेस ना? मग हे कधी बोलली नाहीस?" (पाइप ऑर्गन म्हणजे चर्चमधलं, नळ्यांत हवा फुंकून वाजणारं मोठं वाद्य.) फॉरवर्डचं म्हणणं असं: पूर्वीचे सगळे ऑर्गन ४३२ हर्ट्झला लावलेले असत (म्हणजे वाद्यं ज्यावर जुळवतात तो 'ए' स्वर सेकंदाला ४३२ कंपनांचा), नाझींनी ४४० लादलं, विद्यापीठं हे दडवून ठेवतात, आणि ४३२चं संगीत रोज ऐकलं तर रक्तदाबाची गोळी लागत नाही.

"सगळे ऑर्गन" हे शब्द वाचूनच डोकं फिरलं. सतारीची तार उतरवता येते, ऑर्गनचा सूर मात्र नळीच्या लांबीतच असतो. म्हणून जुना सूर शोधायला संशोधक ऑर्गनच्या पोटात शिरतात. नळीवर खरवडलेलं स्वराचं अक्षर वाचतात. वरची कड कधी कापली आहे का, डाख देऊन नवा तुकडा जोडला आहे का, हे बोटाने चाचपतात. इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी १८८० मध्येच जुन्या सुरांची मोजमापं गोळा करून लंडनमध्ये मांडली. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला आर्प श्निटगर या कारागिराने बांधलेला १६९३चा ऑर्गन आज सुमारे ४९५ला बोलतो. जुने फ्रेंच ऑर्गन कित्येकदा ४००च्याही खाली. म्हणजे एकाचा षड्ज जवळजवळ दुसऱ्याच्या गंधारावर! शिवाय हवा तापली की नळीचा सूर चढतो, अंशाला साधारण पाऊण हर्ट्झ. थंडीत ४३२ला लावलेली नळी दहा अंश उकाडा वाढला की ४४०च्या आसपास जाते. कोणीही काहीही न लादता.

नाझींचं म्हणाल, तर ४४०ची शिफारस योहान शायब्लर या जर्मन ध्वनी-अभ्यासकाने १८३४ मध्येच केली होती. दडवण्याचं म्हणाल, तर स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठाच्या ऑर्गन केंद्राने श्निटगरच्या धर्तीवर बांधलेला, २००० साली खुला झालेला ऑर्गन ४६५ला आहे आणि त्यावर जाहीर मैफिली होतात.

इटालियन संगीतकार व्हेर्दीला १८८४ मध्ये ४३२ हवा होता, हे खरं. पण तो मागावा लागला, म्हणजे सगळीकडे नव्हताच.

राहिली गोळी. ३३ जणांवरचा एक छोटा इटालियन अभ्यास २०१९ मध्ये आला. ४३२चं संगीत ऐकताना नाडी थोडी मंदावली, एवढं मान्य. रक्तदाबातला फरक मात्र दखल घेण्याजोगा नव्हता, आणि गोळी सोडा असं त्यात कुठेही नाही. मावशी, तू गोळी बंद केली आहेस का, ते आधी सांग. मी फोन करतेय, उचल.