ब्रातिस्लाव्हा डे ट्रिपच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, या आमच्या एका दिवसाच्या सहलीचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: ब्रातिस्लाव्हात बघण्यासारखं काही नाही, प्रागपुढे ते गावच वाटतं, बस असताना पायपीट करायला लावली, किल्ला 'कालपरवा बांधल्यासारखा' दिसतो आणि जेवणात 'बटाट्याचे चिकट गोळे' मिळाले.

प्रागचं मान्य. पण व्हिएन्नाहून प्रागला रेल्वेने एका बाजूचेच चार तास जातात. ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे, म्हणून ते एका दिवसात होतं.

किल्ल्याच्या बाबतीत तुमची नजर बरोबर आहे. १८११ साली तो जळाला आणि शंभराहून जास्त वर्षं नुसते अवशेष उभे होते. आज दिसतो तो १९५० च्या दशकापासून पुन्हा उभारलेला. त्यामुळेच आम्ही आतल्या तिकिटाच्या भानगडीत पडत नाही. वरून डॅन्यूब नदी दाखवतो आणि तो वेळ खाली सेंट मार्टिन कॅथेड्रलला देतो. तुर्कांनी हंगेरीची राजधानी बुडा घेतल्यावर हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक १५६३ ते १८३० या काळात इथे झाले, राणी मारिया थेरेसाचाही, १७४१ मध्ये. म्हणून मनोऱ्याच्या टोकावर सोनेरी मुकुट आहे. मिरवणूक ज्या वाटेने जायची तिथे फरशीत छोटे पितळी मुकुट बसवलेत. तुमची धाकटी ते शोधत सगळ्यांच्या पुढे पळत होती, गाइडने तिचे फोटोही ग्रुपवर टाकलेत. बसच्या खिडकीतून हे कसं दिसणार? शिवाय जुन्या शहरात बस जातच नाही, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बुकिंगच्या पानावर 'दगडी फरसबंदी, चढ, चालण्याची सवय हवी' असं पहिल्याच ओळीत आहे. आईंना किल्ल्याचा चढ नको वाटला तेव्हा आमची सहकारी त्यांच्यासोबत खाली चौकात कॉफी घेत बसली होती, हे रिव्ह्यूत राहून गेलं.

'बशी ठेवलेला विचित्र पूल' म्हणालात, तो १९७२ चा. त्याच्यासाठी जुनी ज्यू वस्ती आणि सिनेगॉग पाडलं, आणि हमरस्ता कॅथेड्रलला अगदी खेटून नेला. मला विचाराल तर या शहराची खरी गोष्ट त्या दहा पावलांत आहे. गाइड तिथे जास्त वेळ थांबतो तो मुद्दाम. 'गटारातून डोकं काढलेला पुतळा' मात्र निव्वळ गंमत आहे, १९९७ चा. तिथे फोटो काढल्याशिवाय ग्रुप हलतच नाही, आमचा नाइलाज असतो.

आता गोळ्यांचं. ते हालुश्की, स्लोव्हाकियाचं घरोघरचं जेवण: बटाटा-पिठाचे बारके गोळे, त्यावर मेंढीच्या दुधाचं खारट चीज आणि बेकनचे तुकडे. तुमच्या ताटातलं बेकन आधीच काढायला सांगितलं होतं. गोळे चिकट असतातच, आणि ते चीज सगळ्यांना रुचत नाही. पण पोळी-भाजी देऊ असं आम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

किल्ल्याच्या तिकिटाचे पैसे परत मागितलेत. ते आम्ही घेतलेच नव्हते, पावतीवर बस, गाइड आणि जेवण एवढंच आहे. पावती सापडत नसेल तर बुकिंगच्या ईमेलवर उत्तर द्या, आजच पुन्हा पाठवतो.