मिलच्या उरल्यासुरल्या भिंती सोलापूरकरांच्या वाट्याला येऊ द्या

आपल्याकडच्या बंद गिरण्यांच्या ज्या काही शेड, दगडी गोदामं अजून तग धरून आहेत, त्यांना हात लावण्याआधी एकदा आत उभं राहून वर बघा. अशा शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं आणि काचा उत्तरेला. ऊन थेट मागावर येऊ नये, पण तुटलेला धागा विणकराला झटकन दिसावा, म्हणून ही रचना. पारा 43-44 ला टेकतो त्या गावात विजेविना एवढा उजेड आणि एवढी सावली देणारी जागा आज कोण बांधून देणार आहे?

मोरारजी गोकुळदासांनी 1877 मध्ये जुनी मिल उभारली. मुरारजी पेठ त्यांच्याच नावाची. ही मिल ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली, जानेवारी 1950 मध्ये केंद्राने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, आणि एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. चिरंजीतलाल चौधरी खटला म्हणून कायद्याची मुलं आजही तो वाचतात. आपल्या मुलांना मात्र मिल म्हणजे रिक्षाचा थांबा!

फोर्ट कोचीत अगदी पाण्याला लागून ॲस्पिनवॉल हाऊस आहे. मिरी, काथ्या, खोबरेल तेलाचा व्यापार करणाऱ्या पेढीची ही गोदामं. 2012 पासून तिथे कोची बिनाले हे मोठं कलाप्रदर्शन भरत आलं आहे आणि जगभरचे लोक येतात. पण ते दोन वर्षांतून एकदा. आपल्याला रोजची जागा हवी. एमपीएससीच्या पोरांना अभ्यासाला, पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांना घटकाभर टेकायला. एका कोपऱ्यात जेकार्डचा माग चालू ठेवा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून चादरीवर फूल कसं उतरतं ते पोरांना डोळ्यांनी बघू द्या. तिकीट नको.

पाणी रोज येत नाही, तिथे ही थेरं कशाला, असं काहीजण म्हणतील. पाण्यासाठी भांडायलाच हवं, मीही भांडतो. पण पाइपलाइन पुढेमागे टाकता येते, विकलेली जागा परत मिळत नाही.

मुंबईच्या गिरणगावाचं काय झालं? 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी होता. 2001 मध्ये नियम बदलला, बांधकामाखालची जमीन हिशेबातून गेली आणि लोकांच्या हाती तुकडे आले. म्हणून तोंडी आश्वासन नकोच. विकास आराखड्यात सार्वजनिक वापराचं आरक्षण आणि वारसा यादीत नाव, दोन्ही कागदावर हवं. हरकती-सूचना मागवतील तेव्हा मी लेखी देणार आहे. तुम्हीही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.