कुलूप लागलेल्या उपकेंद्रात रक्त तपासता येईल

माझ्या मायला शुगर आहे. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतर, असं दोनदा रक्त तपासायला डॉक्टरांनी सांगितलंय. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावातून ते कसं होतं, ऐका.

सकाळची एसटी साडेसातला. तालुक्याला पोचायला नऊ. केसपेपर, रांग, रक्त काढायला साडेदहा. तोवर रात्री आठपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. मग सोबत बांधून आणलेली भाकरी स्टँडवर बसून खायची आणि तिथून दोन तास मोजायचे. दुसऱ्यांदा रक्त दिलं की उत्तर मिळतं, "रिपोर्ट उद्या." तोवर दुपारची गाडी निघून गेलेली असते. गेल्या साली सोयाबीन काढणीत मायनं सरळच विचारलं, "चमचाभर रगतासाठी आख्खा दिवस घालू का बाबा? रान तसंच पडलंय." गेलीच नाही. पुढं पायाची जखम चिघळली, तेव्हा शुगर ३८० निघाली.

आणि घरापासून तीनशे पावलांवर आरोग्य उपकेंद्राची इमारत उभी आहे. स्लॅब शाबूत. दोन खोल्या, मागं सिस्टरांसाठी क्वार्टर. दारात येडी बाभूळ माजलीय. भिंतीवर रंगवलेल्या लसीकरणाच्या तक्त्यातलं 'बीसीजी' तेवढं अजून वाचता येतं. क्वार्टरमध्ये कुणीतरी सोयाबीनचं भुस्कट भरून ठेवलंय. लसीकरण अंगणवाडीत होतं, कारण इथली लाइट कधीचीच तोडलीय. सिस्टर बिचाऱ्या गावोगाव फिरतात, त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही.

माझं म्हणणं असं की मराठवाड्यात अशा ज्या इमारती पडून आहेत, त्यांतल्या निवडक इमारतींत तपासणी केंद्रं सुरू करा. मागणी काही नवीन नाही. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच निकष आहे. मोफत निदान सेवेत उपकेंद्रावर १४ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर ६३ तपासण्या धरलेल्या आहेत. म्हणजे कागदावर माझ्या मायचं रक्त गावातच तपासलं जायला हवं.

प्रत्येक गावात केंद्र हवं असा हट्ट नाही. पाचसहा गावांत मिळून एक पुरे, आणि ते आठवडी बाजाराच्या गावात असावं. बाजाराला माणसं तशीही येतात. त्या दिवशी सकाळी सातला दार उघडलं तर उपाशीपोटीचं रक्त देऊन माणूस चहा-भाकर करील, बाजार करील आणि दुसरं रक्त देऊन घरी जाईल. मजुरी बुडणार नाही.

नुसतं रक्त गोळा करून लांबच्या लॅबला पाठवायचं तर एक गोष्ट समजून घ्या. नळीत तसंच ठेवलेलं रक्त स्वतःच साखर खातं. तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात गाडी दुपारपर्यंत गावं घेत फिरली तर शुगरच्या रुग्णाला "नॉर्मल" रिपोर्ट मिळू शकतो. म्हणून साखर टिकवणारी, करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी हवी, रक्त गरगर फिरवून त्यातले भाग वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज हवं, फ्रिज हवा आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर हवा. यांतलं काहीही त्या दोन खोल्यांत मावणार नाही असं नाही. शेजारच्या तेलंगणानं २०१८ पासून सरकारी दवाखान्यांतले नमुने मध्यवर्ती लॅबला जोडले आणि रिपोर्ट मोबाइलवर द्यायला सुरुवात केली. नांदेडच्या सीमेला लागून जे होतं, ते आपल्याला जमू नये?

सोनोग्राफी मात्र तिथं लगेच नको. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ते मशीन कायद्याच्या कडक नजरेखाली, मोठ्या दवाखान्यातच राहू द्या. रक्त, लघवी, थुंकी, बीपी, ईसीजी एवढ्यानं सुरुवात करा.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या उसाला निघतात. पुढचे पाचसहा महिने त्या बाया कोपीत राहणार, मोळ्या वाहणार. निघायच्या आधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन गावातच बघितलं गेलं पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आढळला. हे वाचल्यापासून फडावर जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं मला पहिल्यासारखं बघवत नाही.

खरी भीती वेगळी आहे. रंग मारतील, फीत कापतील आणि लॅब टेक्निशियनचं पद मंजूर नाही म्हणून पुन्हा कुलूप. आपल्याकडं इमारत आधी आणि पदं मागून, असंच चालत आलंय. म्हणून मागणीचा क्रम उलटा ठेवू या. आधी टेक्निशियनचं पद, मग वीज, मग केमिकलचा दर महिन्याचा पुरवठा आणि सगळ्यात शेवटी रंग. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी ठेवले होते, त्यात प्राथमिक केंद्रांवरच्या तपासण्यांसाठीचा पैसाही होता. आपल्या गावाच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे ग्रामसेवकाला विचारायचा आपल्याला हक्क आहे.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव लेखी मांडतोय. तुमच्याही गावात अशी बंद इमारत असेल तर तिचा फोटो काढा, छत, पाणी आणि लाइटची अवस्था लिहा आणि गावाच्या नावासह खाली टाका. सगळ्यांची यादी घेऊन जिल्हा परिषदेत सोबतच जाऊ.